हिरवळ, हराळी आणि आपल्या नळाचे पाणी

सदर : अंगणातली रसायनशाळा



पाडव्याच्या सुमारास हॅनोव्हरमध्ये दोन गोष्टी हटकून दिसतात. एक म्हणजे फोर्झिथियाची पिवळीजर्द झुडपे, आणि दुसरी म्हणजे बाउमार्क्टच्या दारात रचलेली खताची आणि शेवाळ मारायच्या औषधांची पोती. आपल्या मंडळातली बरीच कुटुंबे अलीकडे फ्लॅट सोडून लांगेनहागेन, लात्सेन, गार्बसेन, वेडेमार्क अशा ठिकाणी बागेसकट घरात राहायला गेली आहेत. त्यामुळे हळदीकुंकवाला भेटलो काय किंवा मुलांच्या मराठी वर्गाबाहेर भेटलो काय, प्रश्न ठरलेले: "हिरवळीत शेवाळ फार माजले आहे, काय टाकू?" "पिवळ्या फुलांचे ते तण कशाने मरेल?" "फरशीच्या फटींत मीठ आणि व्हिनेगर ओतले तर चालते ना?" एकेकाला उत्तर देण्याऐवजी या अंकात सगळे एकदमच लिहिते.

सार आधी सांगते. कापणी, पाणी आणि खत यांची वेळ व माप सांभाळले तर तणनाशकाची बाटली बहुधा लागतच नाही. आणि जे खत किंवा औषध गरजेपेक्षा जास्त पडते, ते जमिनीत नाहीसे होत नाही. ते कुठे जाते हे हॅनोव्हरकरांनी तरी माहीत करून घ्यायलाच हवे, कारण त्या वाटेच्या शेवटी आपला नळ आहे.

१. तण कशाला म्हणायचे?

"तण खाई धन" ही म्हण आपल्याकडच्या शेतकऱ्याची. त्याच्या दृष्टीने सर्वांत चिवट तणांपैकी एक म्हणजे हराळी. नांगरली तरी तुकड्या-तुकड्यातून पुन्हा फुटते. पण हीच हराळी भाद्रपदात एकवीस जुड्या करून गणपतीच्या डोक्यावर चढते, तेव्हा तिचे नाव दूर्वा. वनस्पती एकच, फरक फक्त ती कुठे उगवली याचा. इकडे जर्मनीत तिला 'हुंड्सत्सानग्रास' म्हणतात, म्हणजे कुत्र्याच्या दाताचे गवत. आणि हिरवळीतले ते पिवळ्या फुलांचे तण म्हणजे 'लोवेनत्सान', सिंहाचा दात!

दुसरे उदाहरण चाकवताचे. नवीन बांधकामाच्या उकरलेल्या मातीवर पहिल्याच उन्हाळ्यात जे पांढरट पिठूळ पानांचे रोप माजते आणि शेजारी ज्याला 'गेन्झफूस' म्हणून उपटून टाकतात, तो आपला चाकवतच. फरशीच्या उन्हाळलेल्या फटींत कधीकधी घोळही उगवतो. ताकातल्या भाजीची आठवण येणे साहजिक आहे, पण तीन अटी पाळा. ओळख पक्की हवी (घोळासारख्या दिसणाऱ्या रोपाचा देठ मोडल्यावर दुधी चीक आला तर तो घोळ नव्हे, तो चीक विषारी असतो). जागेवर फवारणी झालेली नको, आणि बांधकामाच्या राडारोड्याची किंवा कुत्री फिरवण्याची जागा नको.

सांगायचे एवढेच की तण ही शिवी नाही, ती जमिनीने दिलेली चिठ्ठी आहे. ती वाचता आली तर उपायही त्यातच सापडतो:

पांढरे क्लोव्हर (जर्मन 'क्ले') माजले, तर नत्र कमी पडते आहे. क्लोव्हर हे तूर, हरभरा, मेथी यांच्या कुळातले. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पकडून देतात, म्हणून उपाशी जमिनीत गवत हरते आणि क्लोव्हर जिंकते. थोडे राहू दिलेत तर फुकट खतच मिळते, मधमाश्याही येतात. मात्र मुले अनवाणी खेळत असतील तर फुलांवर लक्ष ठेवा.

वेगेरिश, म्हणजे जमिनीला चिकटून पसरणारी शिरांची रुंद पाने. ही दिसली तर माती तुडवून घट्ट झाली आहे. हे इसबगोलाचे सख्खे भाऊबंद. उपाय औषधाचा नाही. बागेच्या काट्याने दहा-दहा सेंटीमीटरवर भोके पाडून त्यांत वाळू भरायची.

शेवाळ असेल तर सावली, ओल, घट्ट माती, उपासमार किंवा आम्लता यांपैकी एक किंवा अनेक कारणे. याबद्दल पुढे.

लोवेनत्सान असेल तर हिरवळ विरळ आहे किंवा फार खाली कापली जाते. बी उडण्याआधी, पाऊस पडून गेल्यावर, वाफशावर मुळासकट काढावे. मूळ तुटून राहिले तर त्यातून नवे फुटते. बाउमार्क्टमध्ये यासाठी लांब दांड्याचे 'उनक्राउटश्टेशर' मिळते. गावाहून आणलेले खुरपे असेल तर तेही उत्तम काम देते.

एका तणाबाबत मात्र दयामाया नको: 'अँब्रोझिया'. 1950 च्या दशकात पुण्यात प्रथम दिसलेले गाजरगवत आपल्याला ठाऊक आहे. आयात गव्हाबरोबर आले म्हणून त्याला 'काँग्रेस गवत' म्हणत. अँब्रोझिया त्याच सूर्यफुलाच्या कुळातले, आणि इकडे त्याचा एक मोठा मार्ग म्हणजे पक्ष्यांना घालायचे दाणे. म्हणून 2012 पासून युरोपीय संघाने पक्ष्यांच्या खाद्यातील अँब्रोझियाच्या बियांवर मर्यादा घातली आहे. याच्या परागाने दम्याचा त्रास होतो. दाण्याच्या घरट्याखाली झेंडूसारख्या कातरलेल्या पानांचे अनोळखी रोप दिसले तर फुलण्याआधी हातमोजे घालून उपटा, आणि कंपोस्टमध्ये न टाकता पिशवीत बांधून घरच्या कचऱ्यात टाका.

२. फुलांचे पंचांग

आपल्याकडे शेतकरी रोहिणी, मृग, हस्त या नक्षत्रांवर कामे बेततो. जर्मनांकडे तसेच फुलांचे पंचांग आहे आणि जर्मन हवामान खाते आजही हौशी निरीक्षकांकडून त्याच्या नोंदी घेते. हेझल फुलले की पूर्ववसंत, फोर्झिथिया फुलले की पहिला वसंत, सफरचंद फुलले की भर वसंत, होलुंडर फुलला की ग्रीष्माची सुरुवात. तारखेपेक्षा हे पंचांग खरे, कारण ते त्या वर्षीची थंडी स्वतः मोजून सांगते.

हिरवळीची पहिली कापणी फोर्झिथिया फुलल्यावर, गवत सात-आठ सेंटीमीटर झाले की. एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त कापायचे नाही. म्हणजे चार सेंटीमीटर ठेवायचे असेल तर सहावर कापा. खेळाच्या हिरवळीला चार ते पाच, सावलीत आणि उन्हाळ्याच्या कोरड्या आठवड्यांत पाच ते सहा सेंटीमीटर ठेवा. गालिच्यासारखी दिसावी म्हणून दोन सेंटीमीटरवर भादरलेली हिरवळ जुलैत पिवळी पडते आणि मोकळ्या झालेल्या मातीवर तणाचे बी रुजते. उंच गवताची सावली हे सर्वांत स्वस्त तणनाशक आहे. यंत्राचे पाते वर्षातून एकदा तरी धार लावून घ्या. बोथट पात्याने गवत कापले जात नाही, फाटते, आणि टोके पांढरी पडतात.

शेवाळ आणि वाळका थर खरवडून काढण्याचे काम ('फेर्टिकुटीरेन') एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला, पहिले खत देऊन गवत जोमात आल्यावर करावे. मार्चच्या थंडीत ओरबाडलेली हिरवळ सावरत नाही. पाती मातीत दोन-तीन मिलिमीटरच जायला हवीत. उघड्या पडलेल्या जागी लगेच बी टाका आणि तीन आठवडे ओल राखा. मेच्या मध्यावर 'आइसहायलिगे' म्हणजे बर्फाळ संतांचे दिवस (11 ते 15 मे) येतात. टोमॅटो-मिरचीची रोपे त्यानंतरच बाहेर लावतात. हिरवळीला त्या थंडीची भीती नाही, पण बी उगवायला वेळ लागतो.

हे यंत्र वर्षातून एक-दोनदाच लागते. प्रत्येकाने विकत घेण्यापेक्षा चार-पाच घरांनी मिळून एका शनिवारी भाड्याने आणावे. यादी करायचे काम मी आनंदाने घेते.

३. खत: मूठभर नव्हे, मोजून

खतशास्त्राचा पहिला नियम आपल्या शेजारच्या गावात जन्मलेल्या माणसाने मांडला, हे फार थोड्यांना माहीत असते. कार्ल श्प्रेंगेल यांचा जन्म 1787 साली शिलर्सलागे येथे झाला. हे गाव आज हॅनोव्हरजवळच्या बुर्गडोर्फचा भाग आहे. 1828 मध्ये त्यांनी असे मांडले की पिकाची वाढ सर्वांत कमी असलेल्या अन्नघटकावर अडते, बाकीचे कितीही ओतले तरी उपयोग नाही. पुढे युस्टुस फॉन लीबिग यांनी हा नियम जगभर पोचवला आणि त्यांचेच नाव त्याला चिकटले. आमटीला मीठ कमी असेल तर गूळ वाढवून चव येत नाही, तसेच हे.

म्हणून आधी तपासणी. रोपवाटिकेत मिळणाऱ्या साध्या संचाने आम्लता कळते. तीन-चार वर्षांतून एकदा मातीचा नमुना कृषी प्रयोगशाळेत पाठवला तर स्फुरद, पालाश, मॅग्नेशियमही कळतात. हिरवळीला पीएच साधारण साडेपाच ते सात चालतो. हलक्या वाळूत साडेपाच-सहा पुरे, चिकणमातीत थोडा जास्त हवा. हॅनोव्हरच्या उत्तरेला वेडेमार्क, बुर्गवेडेल भागात जमीन वाळूची, तर दक्षिणेला कालेनबेर्गच्या बाजूला काळीभोर, भारी. त्यामुळे लात्सेनच्या मैत्रिणीने चुना टाकला म्हणून लांगेनहागेनकराने टाकायचे कारण नाही. तपासणीशिवाय चुना टाकूच नये.

आता मापाचे गणित. पोत्यावर तीन आकडे असतात: नत्र, स्फुरद, पालाश. समजा 12-4-6 लिहिले आहे. म्हणजे 100 ग्रॅम खतात 12 ग्रॅम नत्र. एका वेळी दर चौरस मीटरला 5 ग्रॅम नत्र पुरते, म्हणजे सुमारे 42 ग्रॅम खत. बाग 150 चौरस मीटरची असेल तर सव्वासहा किलो, पूर्ण पोते नव्हे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आपली मूठ एकदा वजन करून पाहा, मग आयुष्यभर अंदाज बरोबर येतो. वर्षाला असे दोन ते तीन हप्ते: एप्रिल, जून आणि गरज असेल तर ऑगस्ट. कापलेले गवत बारीक करून जागीच सोडणारे यंत्र असेल तर एक हप्ता वाचतो, कारण त्या कापातला नत्र परत मातीत जातो. वाळूच्या जमिनीत हप्ते लहान करा आणि हळूहळू विरघळणारे खत घ्या.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पालाश जास्त आणि नत्र अगदी कमी असलेले शरद ऋतूतले खत द्यावे. पालाशने पेशीतला रस घट्ट होतो, गवत थंडी सोसते. यानंतर मात्र मार्चपर्यंत नत्राला हातही लावायचा नाही. का ते आता सांगते, कारण या लेखाचा गाभा तोच आहे.

४. पाणी खाली कधी जाते?

पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि हॅनोव्हरला साधारण साडेसहाशे. आकडे जवळपास सारखे, पण स्वभाव उलटे. आपल्याकडे विहिरींना पाणी आषाढ-श्रावणात चढते. इथे पाऊस बारा महिने थोडा-थोडा पडतो. उन्हाळ्यात झाडे आणि ऊन बहुतेक सगळा वरच्यावर पिऊन टाकतात. नोव्हेंबर ते मार्च या काळात झाडे झोपलेली, ऊन नाही, आणि मग पडलेले पाणी मुळांखाली उतरत भूजलाला मिळते. म्हणजे ज्या महिन्यांत आपण बागेकडे बघतही नाही, त्याच महिन्यांत बागेतले पाणी खाली जात असते.

त्याबरोबर काय जाते? खतातला अमोनियम धनभारित असतो, मातीच्या कणांना चिकटून राहतो. पण मातीतले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट ऋणभारित, त्याला माती धरत नाही. ऑक्टोबरअखेर उरलेले नायट्रेट पहिल्याच लांब पावसात खाली चालू लागते, आणि वाळूत तर फारच भरभर.

हॅनोव्हर शहराचे बहुतेक पिण्याचे पाणी याच वाळूतून येते. शहराच्या उत्तरेला सुमारे 300 चौरस किलोमीटरचे फुअरबेर्गर फेल्ड हे पाणलोट संरक्षणक्षेत्र आहे. तिथल्या भूजलाचा अभ्यास इथल्या भूविज्ञान संस्थेतल्या आणि शहराच्या जलखात्यातल्या संशोधकांनी 1980 च्या दशकापासून केला, आणि त्यातून एक विलक्षण गोष्ट कळली. शेतांतून भरपूर नायट्रेट खाली उतरत असूनही खोल विहिरींच्या पाण्यात ते फारसे नव्हते. मग जात होते कुठे?

त्या वाळूत पायराइट आहे. आपल्या रसशास्त्रातल्या माक्षिकाच्या घराण्यातले, सोन्यासारखे चमकणारे लोखंड आणि गंधकाचे खनिज. हवेचा प्राणवायू पोचत नाही अशा खोलीवर काही जिवाणू नायट्रेटातला प्राणवायू काढून पायराइट 'जाळतात'. नायट्रेटचा निरुपद्रवी नत्रवायू होतो, आणि गंधकाचे सल्फेट होऊन पाण्यात उतरते. समीकरण मांडले तर एक ग्रॅम नायट्रेटामागे साधारण 1.1 ग्रॅम सल्फेट तयार होते. म्हणजे जमिनीखाली एक मोफत शुद्धीकरण केंद्र चालू आहे!

पण ते मोफत नाही, मंडळी. पायराइट पुन्हा तयार होत नाही. हजारो वर्षांची ही ठेव आहे आणि आपण दर हिवाळ्याला तिच्यातून काढतो आहोत, भरणा शून्य. जिथे पायराइट संपते तिथे नायट्रेट तसेच पुढे सरकते. म्हणून तिथे शेतकऱ्यांबरोबर खत कमी करण्याचे करार झाले, सूचिपर्णी जंगलाच्या जागी पानझडी जंगल वाढवण्याचे काम झाले. कारण पानझडी झाडांखाली हिवाळ्यात जास्त आणि स्वच्छ पाणी जमिनीत उतरते.

नायट्रेटचा मोठा वाटा शेतीचा आहे, आपल्या शंभर-दीडशे मीटरच्या हिरवळीचा नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरी हिशेब करून पाहा. गरजेपेक्षा जास्त टाकलेल्या एक किलो नत्राचे सुमारे 4.4 किलो नायट्रेट होते. पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला 50 मिलिग्रॅम. म्हणजे तेवढ्या नायट्रेटने 88 हजार लिटर स्वच्छ पाणी मर्यादेला टेकते. माणशी रोज 120 लिटर धरले तर चौघांच्या घराचे सहा महिन्यांचे पाणी! एक किलो नत्र म्हणजे वरच्या उदाहरणातले आठ-साडेआठ किलो खत, एक लहान पोते.

तणनाशकांचे गणित याहून कडक. एका औषधाची मर्यादा लिटरला 0.1 मायक्रोग्रॅम. म्हणजे भूजलात पोचलेले एक ग्रॅम औषध एक कोटी लिटर पाण्याला मर्यादेवर नेऊ शकते. जमिनीत बरेचसे औषध वाटेतच मोडते हे खरे, पण सगळे नाही, आणि काहींचे तुकडे मूळ औषधापेक्षा लांब प्रवास करतात.

५. बाटली उघडण्याआधी

कायदा आधी. 2012 च्या वनस्पतिसंरक्षण कायद्यानुसार फरसबंदी, अंगणातली वाट, गाडी लावायची जागा, गच्ची अशा पक्क्या जागांवर तणनाशक वापरायला मनाई आहे. दंड 50 हजार युरोपर्यंत होऊ शकतो. कारण उघड आहे. तिथे औषध मोडणारी जिवंत माती नाही, पाऊस पडला की सरळ गटारात, आणि पावसाच्या पाण्याचे वेगळे गटार असेल तर तिथून ओढ्यात आणि लाइने नदीत. मीठ आणि व्हिनेगर यांनाही यात सूट नाही. "घरगुती आहे, खातोच की आपण" हा युक्तिवाद चालत नाही. तण मारण्यासाठी ओतले की ते परवाना नसलेले तणनाशकच ठरते. शिवाय मीठ जमिनीत साचते आणि शेजाऱ्याचे कुंपणही वाळते.

फटींसाठी चालणारे उपाय: फटी खरवडायचा हुकासारखा चाकू, ताठ ब्रश, आणि उकळते पाणी. बटाटे किंवा पास्ता शिजवलेले पाणी बिनमिठाचे असेल तर तेही ओता. दोन-तीनदा करावे लागते. आगीने जाळायचे यंत्र मिळते, पण कोरड्या दिवसांत तेवढ्याने कुंपण पेटते. मी ते सुचवणार नाही.

हिरवळीवर वापरायला परवाना असलेली औषधे आहेत, पण ती कपाटात कुलूपबंद असतात आणि प्रशिक्षित विक्रेत्याने माहिती दिल्यावरच मिळतात. वेष्टनावर 'अव्यावसायिक वापरासाठी' असे लिहिलेले हवे. परवाने देणारे केंद्रीय खाते शेजारच्या ब्राउनश्वाइगलाच आहे. ही औषधे बहुधा एमसीपीए, टू-फोर-डी, डायकांबा या जातीची असतात. ती वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतात. रुंद पानांचे तण वेडेवाकडे वाढून मरते, गवत वाचते. सांगली-नाशिककडच्या मंडळींना हे वेगळे सांगायला नको. उसात फवारलेले टू-फोर-डी वाऱ्याने द्राक्षबागेवर गेले की पाने कशी आक्रसतात, ते तिकडे ठाऊक आहे. इथेही शेजाऱ्याची द्राक्षवेल, टोमॅटो, गुलाब कुंपणापलीकडेच असतात.

ग्लायफोसेटबद्दल विचारणा झाली होती. युरोपीय संघाने 2023 मध्ये त्याची मान्यता 15 डिसेंबर 2033 पर्यंत वाढवली. पण जर्मनीत 2021 पासून घरगुती बागेतल्या वापरावर फार कडक बंधने आहेत. आणि मुख्य म्हणजे ते गवतही मारते, तेव्हा हिरवळीला त्याचा उपयोगच नाही. भारतातून किंवा शेजारच्या देशातून कोणतीही बाटली सामानात आणू नका. गॅरेजमध्ये आधीच्या मालकाची जुनी बाटली सापडली तर ती बेसिनमध्ये न ओतता घातक कचरा म्हणून 'आहा' या आपल्या कचरा-संस्थेच्या केंद्रावर द्या.

शेवाळाला पूर्वापार देतात ते लोहसल्फेट, म्हणजे आपली हिराकस. शेवाळ चार दिवसांत काळे पडते, पाहून समाधान वाटते. पण सावली, ओल, उपासमार तशीच राहिली तर पुढच्या वर्षी शेवाळ परत हजर. शिवाय हिराकशीचे कण फरशीवर पडले तर गंजाचे डाग कायमचे. मी म्हणेन, झाडाच्या दाट सावलीत गवताचा हट्टच सोडा. तिथे शेवाळच शोभते, आणि ते कापावेही लागत नाही.

६. पाणी आणि शेजार

पाणी रोज थोडे नको. आठवड्यातून एकदा-दोनदा, पहाटे, दर चौरस मीटरला 15 ते 20 लिटर. मोजायला हिरवळीवर रिकामा सरळ डबा ठेवा. त्यात दीड-दोन सेंटीमीटर पाणी साचले की पुरे. रोजच्या शिंपडण्याने मुळे वरच राहतात. अलीकडच्या कोरड्या उन्हाळ्यांत भर दुपारी पाणी घालण्यावर इथे निर्बंध आले आहेत. त्या-त्या वर्षीची सूचना पाहावी. आणि अजिबात पाणी न घालणे हाही पर्याय आहे. पिवळी पडलेली हिरवळ बहुधा मेलेली नसते, सप्टेंबरच्या पावसात उठते.

गवत कापायचे यंत्र निवासी भागात रविवारी आणि सणाच्या दिवशी चालवायचे नाही, इतर दिवशी संध्याकाळी 8 ते सकाळी 7 नाही. पाने उडवणारी आणि पेट्रोलवर चालणारी कडा कापायची यंत्रे तर फक्त 9 ते 1 आणि 3 ते 5. स्वयंचलित यंत्र असेल तर रात्री बंदच ठेवा. साळिंदराचा धाकटा भाऊ शोभावा असा इथला 'ईगेल' रात्री फिरतो, आणि यंत्र आले की पळत नाही, गोळा होऊन बसतो. कुंपणाची मोठी छाटणी 1 मार्च ते 30 सप्टेंबर करायची नाही, पक्ष्यांची घरटी असतात.

ज्यांच्याकडे घर नाही पण माती हवी आहे त्यांच्यासाठी: हॅनोव्हरमध्ये सुमारे 20 हजार 'क्लाइनगार्टन' आहेत. 1983 च्या कायद्याने तुकडा साधारण 400 चौरस मीटरपर्यंत आणि झोपडी जास्तीत जास्त 24 चौरस मीटर. साधारण एक-तृतीयांश जागेत भाजी-फळे लावावी लागतात, म्हणजे नुसती हिरवळ चालत नाही. मेथी-कोथिंबीरवाल्या आपल्या लोकांना हा नियम त्रासाचा वाटू नये!

७. फ्रिजवर लावायला

मार्च-एप्रिल: फोर्झिथियाबरोबर पहिली कापणी, आम्लता तपासणी, पहिले खत. एप्रिलअखेर-मे: खरवडणे, बी टाकणे, लोवेनत्सान बी उडण्याआधी खुरपणे. जून: दुसरे खत. जुलै-ऑगस्ट: उंच कापणी, खत फक्त ओल असेल तर, अँब्रोझियावर नजर. सप्टेंबर: उघड्या जागी पुन्हा बी, याच महिन्यात ते सर्वांत चांगले रुजते. सप्टेंबरअखेर: पालाशचे खत. ऑक्टोबर-नोव्हेंबर: पाने गोळा करणे, शेवटची कापणी. डिसेंबर-फेब्रुवारी: दवाने गोठलेल्या गवतावर चालू नका, आणि पोत्याला हात लावू नका.

शेवटी गणपतीच्या दूर्वांविषयी. बरीच कुटुंबे इथे हिरवळीतल्याच गवताच्या जुड्या करतात. भावना महत्त्वाची, पण त्या उन्हाळ्यात फवारलेल्या किंवा नुकतेच खत टाकलेल्या हिरवळीतले गवत देव्हाऱ्यात आणि नैवेद्याजवळ नको, म्हणून एक कोपरा त्यातून वगळून ठेवा. भारतातून येताना दूर्वांची मुळे सामानात आणता येत नाहीत. 14 डिसेंबर 2019 पासून युरोपीय संघाबाहेरून रोपे आणि बी आणायला आरोग्य प्रमाणपत्र लागते. त्यापेक्षा हुंड्सत्सानग्रासचे बी इथेच घेऊन मेमध्ये कुंडीत पेरा, उन्हात ठेवा, थंडीत घरात घ्या. कुंडीतच पेरा, कारण शेतकऱ्याची हराळी ती हीच.

पुढच्या अंकात कंपोस्ट: चहाचा चोथा, अंड्याची टरफले, संत्र्याच्या साली, आणि उरलेल्या भाताचे काय करायचे ते. प्रश्न नेहमीप्रमाणे मंडळाच्या पेटीत टाका. खरवडण्याच्या यंत्रासाठी नावे एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत द्या, म्हणजे फेऱ्या ठरवता येतील.

आपली,
मंडळाची एक कार्यकर्ती (पेशाने रसायनशास्त्रज्ञ)